आमचं मंडळ डायनासोरला भेटून आलं

किस्से कधी एकटे येत नाहीत. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागे दुसरा पिशवी घेऊन उभाच असतो, रेशनच्या रांगेत असावा तसा! आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळाचं तर असं आहे, की फिरणं दोन किलोमीटर आणि किस्से चार किलोमीटर. त्यातले निम्मे एकाच दिवसात जमा झाले. आम्ही म्युझियम बघायला गेलो त्या दिवशी.

आधी मंडळ म्हणजे कोण, ते सांगते. आम्ही बदनापूरच्या एका कॉलनीतली माणसं. कोणी नोकरीतून रिटायर झालेलं, कोणी शेती पोरांच्या हाती देऊन गावाकडून इथे राहायला आलेलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, म्हणून माझ्याहून मोठी माणसंही मला 'बाई' म्हणतात. आणि एकदा बाई म्हटलं, की सहलीची जबाबदारी बाईंकडे हे ओघानं आलंच.

जालन्याला एका जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये म्युझियम झालंय. दिवाळीच्या सुट्टीत तिथे हलणारे डायनासोर आले होते. 'सहकुटुंब या!' असं पोस्टर ग्रुपवर पडलं, नातवंडांनी ते पाहिलं आणि विषय संपला.

आता बदनापूरहून जालना म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता. तिथे आम्ही दवाखान्यात जातो, लग्नाच्या बस्त्याला जातो. पण मजा करायला जालन्याला? आमच्या गंगूबाई काळजीनं म्हणाल्या, "बाई, मजेला जायचं म्हंजी लांब जावं लागतं ना ओ?"

तरी गेलो. अर्ध्या तासाच्या प्रवासाला बायकांनी तीन दिवसांचं खाणं बांधून घेतलं, एवढंच.

*

आमचे अध्यक्ष रंगनाथकाका. रिटायर्ड ग्रामसेवक. या माणसाचा आयुष्यात दोनच गोष्टींवर विश्वास आहे, एक ठराव आणि दुसरी रांग.

तिकिटाच्या खिडकीवर पाटी होती, 'फॅमिली तिकीट : दोन मोठे, दोन लहान.' काकांनी खिडकीत डोकं घातलं आणि सांगितलं, "आमचं अख्खं मंडळ एक फॅमिली हाय. एकच तिकीट फाडा."

खिडकीतला म्हणाला, "काका, फॅमिलीत दोनच मोठे लागतात. तुमच्यात वीस दिसून राह्यले."

"एकत्र कुटुंब हाय!"

"कॉम्प्युटर घेत न्हाई."

कॉम्प्युटर घेत नाही म्हटल्यावर काकांनी तिथल्या तिथे कुटुंबं पाडायला सुरुवात केली. जो जसा रांगेत उभा होता, तसा मधूनच तोडायचा. दोन मोठे, दोन लहान, चला पुढं! दोन मोठे, दोन लहान, चला पुढं! त्यात गंगूबाई आणि त्यांचे यजमान सोपानराव यांच्या बरोबर मधून रेघ गेली.

"गंगूबाई, तुम्ही माझ्या फॅमिलीत," काका म्हणाले.

"अन आमचे मालक?"

"ते पुढल्या फॅमिलीत गेले."

गंगूबाईंनी एकदा सोपानरावांकडे पाहिलं, एकदा काकांकडे पाहिलं, मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "चालतंय की! पण संध्याकाळी वापस बदलून मागायचं न्हाई!"

मला वाटणीला आले पांढऱ्या टोपीतले एक शांत आजोबा आणि कोणाची तरी दोन नातवंडं. आजोबांना मी आधी पाहिलं नव्हतं. पण आमच्यात नवीन माणसं येतच असतात. मी नमस्कार केला, त्यांनीही केला. आमचं कुटुंब आत गेलं.

*

दारातच वॉचमननं खाण्याच्या पिशव्या अडवल्या. आत काही न्यायचं नाही, नियम आहे म्हणाला. गंगूबाईंनी वाद घातला नाही. त्या माणसाला त्यांनी खुर्चीवर बसवलं, सगळ्या पिशव्या त्याच्याभोवती रचल्या आणि बजावलं, "सांभाळ बरं का दादा. धपाटे हायेत, ठेचा हाय, दशम्या हायेत."

दुपारी बाहेर येऊन बघतो तर धपाट्यांचा डबा अर्धा!

गंगूबाई कडाडल्या, "तुला सांभाळाया सांगितलं व्हतं ना?"

तो बिचारा उभा राहून कबूल झाला. "मावशी, डबा बराबर सांभाळला. वास सांभाळणं होईना!"

*

पण दुपार व्हायच्या आधी आत काय झालं ते ऐका.

सोपानरावांचा जन्म बैल बाजारात गेलेला. चाळीस वर्षं बैलांचे सौदे केले. माणूस भेटला तरी आधी त्याच्या पायांकडे बघतात, मग तोंडाकडे. पहिल्याच दालनात मोठा डायनासोर होता, शेडच्या पत्र्याला डोकं टेकेल एवढा. दर मिनिटाला मान हलवायचा, जबडा उघडायचा आणि असा ओरडायचा की पोरं आजीच्या पदरात शिरायची.

सगळे मागे सरकले. सोपानराव पुढे गेले! जबडा उघडला, की वाकून आत बघायचे. मिटला, की थांबायचे. असं चार वेळा झालं.

म्युझियमचे गाईड होते, पन्नाशीचे, गळ्यात माईक. ते धावत आले. "काका, काय बघताय?"

"दात."

"का हो?"

"वय काढतो."

गाईड हसले. "काका, हा प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वीचा आहे."

"ते सोडा," सोपानराव म्हणाले. "इकणारा काहीबी सांगतो. मला हा कोवळा वाटून राह्यला. आन याला वरच्या जबड्याला बी पुढं दात हायेत. बैलाला तसे नसतात. हे जनावर कडब्यावर जगणारं न्हाई."

गाईड चाट पडले. "अगदी बरोबर! हा मांसाहारी!"

झालं! सोपानरावांना चेव आला. त्यांनी डायनासोरला एक फेरी मारली. पुढचे पाय बघून म्हणाले, "हे असे वाळलेले काऊन? कामाला जुपलाच न्हाई कोणी." मग मान बघितली. "वशिंड न्हाई. जू कुठं ठेवायचं?" शेपटी बघितली. "ही मातर झकास. पण वळताना अर्धा कापूस लोळवंल."

सगळी तपासणी झाल्यावर त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, गाईडच्या हातावर टाकलं आणि खालून त्यांचा हात धरला. बैल बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. गाईड शहरातले, त्यांना काय माहीत! त्यांना वाटलं आजोबा प्रेमात आले. त्यांनीही प्रेमानं सोपानरावांची तीन बोटं घट्ट दाबली आणि मान डोलावली.

सोपानरावांनी उपरणं झटकलं. "रामराम! ठरलं!"

"काय ठरलं, काका?"

"तुम्ही जनावर आम्हाला इकलं. आता दावं तेवढं तुमचं द्या!"

*

पुढे आरशांची खोली होती. वळणं वळणं आणि सगळीकडे आरसे. जिकडे बघावं तिकडे आपणच. पोरं आत शिरली आणि दोन मिनिटांत खिदळत पलीकडून बाहेर आली. रंगनाथकाका शिरले, ते बाहेर येईनात.

आतून आधी आवाज आला, "रामराम!" थोड्या वेळानं परत, "रामराम!" मग, "तुम्ही आधी जा." मग, "न्हाई न्हाई, तुम्ही आधी."

काका वळणावर भेटणाऱ्या प्रत्येक माणसाला वाट देत होते. आणि माणूस समोरून काही हलत नव्हता. सभ्यतेत दोघेही सारखेच!

मी आणि गाईड त्यांना शोधायला आत गेलो. काका मधोमध उभे होते. पांढरा शर्ट, हातात मंडळाचं रजिस्टर, आणि चारी बाजूंना पांढऱ्या शर्टातले, रजिस्टर धरलेले वीस-पंचवीस काका. आता यात एक गोष्ट तुम्हाला माहीत पाहिजे. काकांच्या नोकरीत गावोगावच्या ग्रामसभा माणसं जमली नाहीत म्हणून तहकूब व्हायच्या. सतरंजीवर काका आणि शिपाई, दोघंच. हे दुःख त्यांनी आम्हाला फिरताना अनेकदा सांगितलं होतं.

मी म्हटलं, "काका, चला बाहेर."

काकांनी चहूकडे एकदा समाधानानं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, खोटं सांगत नाही.

"बाई, जरा थांबा. आज पहिल्यांदा गणसंख्या पूर्ण झालीय!"

*

तिसऱ्या दालनात जुन्या काळातलं खेड्यातलं घर केलं होतं. चूल, उतरंड, बाज, दिव्याचा कोनाडा. मेणाचा एक शेतकरी, मेणाची त्याची सून. गंगूबाईंचे पाय भरून आले होते. बसायला कुठे खुर्ची नाही. दोरीच्या अलीकडून त्यांना बाज दिसली. बाज दिसल्यावर माणूस काय करणार? दोरी उचलली, आत गेल्या, बाजेवर बसल्या, भिंतीला टेकल्या.

आम्ही पुढच्या दालनात निघून गेलो होतो. मागे काय चाललंय कोणालाच कळलं नाही. अर्ध्या तासानं मी परत आले तर तिथे ही गर्दी! शहरातली कुटुंबंच्या कुटुंबं गंगूबाईंसमोर उभी राहून फोटो काढत होती. नऊवारी, कपाळावर कुंकू, हातात पाटल्या, आणि गंगूबाई एकदम निश्चल. पापणी हलत नाही.

एक बाई नवऱ्याला म्हणाली, "किती हुबेहूब केलंय ना! सुरकुत्या बघ."

नवरा म्हणाला, "शेतकऱ्याचा पुतळा नाही एवढा जमला."

एक पोरगी मात्र किंचाळली, "आई, ही आजी श्वास घेते!"

"आतून मोटर असते बेटा, डायनासोरला होती ना तशी," आई म्हणाली.

ती गर्दी पांगल्यावर मी जवळ गेले. "गंगूबाई! अहो, हे काय?"

गंगूबाईंनी ओठ न हलवता विचारलं, "गेले का समदे?"

"गेले."

तेव्हा कुठे त्यांनी कंबर सरळ केली आणि नाक खाजवलं. मी म्हटलं, "अहो, एवढा वेळ अशा कशाला बसलात? उठून यायचं ना!"

"उठू कशी बाई? मी हालले असते तर त्यांना काय वाटलं असतं? बिचारे तिकीट काढून आल्ते!"

*

दुपारी बाहेर लिंबाखाली जेवायला बसलो. वॉचमननं ठेवलं होतं तेवढं. मी सवयीप्रमाणे डोकी मोजली. शाळेतल्या सहलींनी एवढं मात्र शिकवलंय, की जेवायच्या आधी मोजायचं, जेवल्यावर मोजायचं. सकाळी बसमध्ये आम्ही वीस मोठे होतो. आता एकवीस भरले!

परत मोजले. एकवीस. माणूस कमी भरला तर काय करायचं ते मला माहीत आहे. जास्त भरला तर काय करायचं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.

मग माझ्या लक्षात आलं. पांढऱ्या टोपीतले आजोबा! सकाळपासून ते माझ्याबरोबर होते. नातवंडांचा हात धरून होते, आरशांच्या खोलीतून बाहेर आलेल्या पोरांना त्यांनीच गोळा केलं, आता दशमीला ठेचा लावत होते.

मी हळूच विचारलं, "आजोबा, आपण कॉलनीत कुठल्या गल्लीत राहता?"

"कोणची कॉलनी?"

"बदनापूरची."

"मी हसनाबादचा," आजोबा म्हणाले. "आमचं भजनी मंडळ आलंय. तिकडं त्या निळ्या गाडीनं आल्तो."

सगळ्यांचे घास थांबले. रंगनाथकाका पुढे झाले. "अहो, मंग तुम्ही आमच्यात कसे?"

"तुम्हीच तर हाताला धरून उभं केलं. म्हणले, तुम्ही या बाईंचे, ही दोन लेकरं तुमची, चला पुढं. मला वाटलं, सरकारी नियम असंल!"

निळ्या गाडीतली माणसं त्यांना सगळीकडे शोधत होती. काकांनी माफी मागितली. आजोबा उठले, हात धुतले, दोन्ही नातवंडांच्या डोक्यावरून हात फिरवला. जाताना माझ्यापुढे उभे राहिले आणि फार गंभीरपणे म्हणाले, "येतो मंग. पोरांकडं ध्यान ठेवा."

आणि मी 'हो' म्हटलं! काय म्हणणार?

*

आता शेवटचा. हा मी मुद्दाम मागे ठेवलाय.

आमच्यात भाऊराव आणि उत्तमराव असे दोघं आहेत. गावाकडे शेताला शेत लागून, इथे कॉलनीत घराला घर लागून. आणि दोघांमध्ये अकरा वर्षं बोलणं नाही! कारण बांध. भाऊराव म्हणतात, उत्तमनं दर साली नांगराचं एक एक तास करत माझा बांध कोरला. उत्तमराव म्हणतात, कोरला तो भाऊनंच. केस कोर्टात. सकाळी फिरताना एक रस्त्याच्या या कडेनं चालतो, दुसरा त्या कडेनं. एक जण आजारी पडला तर दुसरा दोन दिवस फिरायला येत नाही, पण विचारायला जात नाही.

दोघांच्या बायकांचं मात्र चांगलं. कुंपणावरून वाट्या जातात-येतात. त्या म्हणतात, आमच्या जिवाला घोर आहे. या दोघांतला एक असाच अबोल्यात गेला, तर मागे राहील त्याला ते सोसायचं नाही.

तर जेवून आम्ही परत आत गेलो. म्युझियमच्या शेवटच्या मोठ्या दालनात दोन टोकांना दोन थाळे होते. माणसाच्या उंचीचे, आत खोलगट, मोठ्या परातीसारखे. एका थाळ्यात तोंड घालून कुजबुजलं, की पार तिकडच्या टोकाच्या थाळ्यात ते स्पष्ट ऐकू येतं. मधे उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही. दोघं बोलतात ते एकमेकांकडे पाठ करून.

गाईड अजून सगळं समजावून सांगत होते. भाऊराव दमलेले. ते या टोकाच्या थाळ्याला टेकले आणि आपल्याशीच पुटपुटले, "पाय गेले रे देवा."

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. थाळ्यातून आवाज आला, "तेल लावत जा."

भाऊराव दचकले. मग त्यांना वाटलं, मशीन असेल. हल्ली मशीन बोलतातच. त्यांनी विचारलं, "कोन्तं?"

"करडीचं."

"करडी आता कुठं राह्यली? समदं सोयाबीन झालं."

"माझ्यात हाय थोडी. बांधाकडल्या चार तासांत."

भाऊराव ताठ झाले. मी मागे वळून बघितलं. तिकडच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, थाळ्यात डोकं घालून उत्तमराव उभे! आता इथे, पोराबाळांसमोर, काय होणार?

भाऊरावांनी मागे बघितलं नाही. उलट थाळ्यात आणखी आत सरकले.

"बांधावरली बोर कोणी तोडली?"

"वाऱ्यानं पडली."

"वाऱ्याला कुऱ्हाड कोणी दिली?"

तिकडून हळू आवाज आला, "माझ्याकडूनच गेलं ते. राग आल्ता."

"माझ्या बापानं लावली व्हती ती."

"ठावं हाय. मी बी तिचीच बोरं खाल्ली ना लहानपणी."

पुढचं मी ऐकलं नाही. लांब होऊन उभी राहिले. दोघं बोलत होते. मधेच भाऊराव हात हवेत उडवायचे, तिकडे उत्तमराव मान हलवायचे. एकदा भाऊरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. एकदा दोघंही एकदमच हसले, दोन टोकांना, पाठमोरे. थाळ्यापुढे पोरांची रांग लागली. ती वाढत वाढत दारापर्यंत गेली.

शेवटी गाईड आले. "काका, पंचवीस मिनिटं झाली. मुलं थांबलीयत."

भाऊरावांनी थाळ्यातून डोकं न काढता हात वर केला. "जरा दम धरा साहेब. सुनावणी चालू हाय!"

म्युझियम बंद व्हायची घंटा झाली तेव्हा दोघं निघाले. दारात समोरासमोर आले. मी थांबले. दोघांच्या बायकाही थांबल्या. भाऊरावांनी मान इकडे वळवली, उत्तमरावांनी तिकडे. बसमध्ये एक पुढच्या सीटवर बसला, एक शेवटच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक रस्त्याच्या या कडेला, एक त्या कडेला. एक शब्द नाही!

आठ दिवसांनी भाऊराव माझ्या दारात. बसले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले.

"बाई, आता ट्रिप कधी?"

"कुठे जायचं म्हणता?"

"तिथंच. डायनासोरला."

"अहो, आत्ताच तर बघून आलो!"

"डायनासोर बघायचा न्हाई ओ. ते थाळे. दोन मुद्दे राह्यलेत. बाकी समदं मिटत आलंय. केस बी काढून घ्यायचं म्हणून राह्यला तो."

मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी म्हटलं, "भाऊराव, मग त्यासाठी जालन्याला कशाला जायचं? नंबर ग्रुपवर आहे. आत्ता लावा फोन आणि मिटवून टाका."

भाऊरावांनी माझ्याकडे असं बघितलं, की इतकी वर्षं या बाईनं मुलांना काय शिकवलं असेल!

"बाई, बोलता तरी काय? त्याला फोन कसा लावू? आमचं बोलणं बंद हाय ना!"